श्वास आणि अक्षरे : शेख मुहिउद्दीन इब्न अरबी यांची जीवनकथा



स्मरणिकांच्या पानांतून इब्न सीना, अल् बैरूनी, इब्न खल्दून अशा थोर पुरुषांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. त्यांचे कार्य सांगणे त्यामानाने सोपे असते. एकाने वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने पृथ्वीचे माप काढले, तिसऱ्याने इतिहासाला शास्त्राचे रूप दिले, असे बोट ठेवून दाखवता येते. आज ज्यांची ओळख करून देण्याचे योजिले आहे त्या शेख मुहिउद्दीन इब्न अरबी (र. अ.) यांच्या बाबतीत ही सोय नाही. साऱ्या रूपांच्या मुळाशी असलेले सत्य कोणत्याही एका रूपात मावत नाही. मग त्या सत्याचा आणि या रूपांचा संबंध काय, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. प्रश्न अवघड आहे. तरीही त्याचा आपल्या घराशी आणि शाळेशी फार जवळचा संबंध आहे असे मला वाटते, म्हणून हा खटाटोप.

पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करा. तळहात तोंडासमोर धरून सावकाश श्वास सोडा. हाताला ऊब लागेल, पण कानाला अक्षर ऐकू येणार नाही. आता श्वास सोडताना क म्हणा, मग त म्हणा, मग प म्हणा. श्वास तोच. कंठाशी अडला तेव्हा त्याचा क झाला, दातांशी अडला तेव्हा त झाला, ओठांशी अडला तेव्हा प झाला. वर्णमाला शिकवताना कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही स्थाने आम्ही शिक्षक सांगतो, विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आता सांगा पाहू, त्या श्वासाचे स्वतःचे अक्षर कोणते? कोणतेच नाही. आणि श्वास काढून घेतला तर कोणते अक्षर शिल्लक राहील? तेही कोणतेच नाही. हा प्रयोग मनात ठेवा. याच श्वासाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

बालपण आणि एक भेट

हिजरी ५६० च्या रमजान महिन्यात, म्हणजे इ. स. ११६५ मध्ये, मुर्सिया या शहरी शेखांचा जन्म झाला. हे शहर आजच्या स्पेनच्या आग्नेय भागात आहे. त्या काळी स्पेनच्या मोठ्या भागावर मुसलमानांचे राज्य होते आणि त्या मुलखाला अंदलुस म्हणत. त्यांचे नाव महंमद, वडिलांचे नाव अली. घराणे अरबस्तानातील तय कबिल्याचे. ज्याच्या दातृत्वाच्या गोष्टी आपल्या आजीने आपल्याला सांगितल्या तो हातिमताई याच कबिल्यातला. हे दातृत्व शेखांच्या अंगातही कसे उतरले होते ते पुढे येईलच.

वडील मुर्सियाचा अधिपती इब्न मर्दनीश याच्या चाकरीत होते. इ. स. ११७२ मध्ये ते शहर अल्मोहाद राजवटीच्या ताब्यात गेले आणि कुटुंब सेव्हिल येथे राहावयास आले. मुलगा सात-आठ वर्षांचा होता. सुखवस्तू घरातील मुलाचे जे शिक्षण होई ते त्याचे झाले. कुराण, हदीस, भाषा, साहित्य हे सारे तो शिकला. घोडा आणि शिकार यांचाही शौक होता. परंतु तरुणपणातच त्याचे मन या सर्वांतून उठले. तो एकांतात बसू लागला, कब्रस्तानात तासन् तास चिंतन करू लागला, आणि त्याला आलेल्या अनुभवांची चर्चा गावात होऊ लागली.

ही चर्चा कुर्तुबा शहरी एका थोर माणसाच्या कानी गेली. त्यांचे नाव इब्न रुश्द. काजी, वैद्य आणि ॲरिस्टॉटलचे सर्वांत मोठे भाष्यकार म्हणून त्यांची कीर्ती पुढे युरोपातही पसरली. ते वडिलांचे स्नेही होते. त्यांनी मुलाला पाहण्याची इच्छा व्यक्त केली, आणि वडिलांनी काहीतरी कामाचे निमित्त करून त्याला त्यांच्या घरी धाडले. मुलाला तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. इब्न रुश्द उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याला आलिंगन दिले. बुद्धीने विचार करून जे हाती लागते तेच अंतःकरण उघडल्यावर दिसते काय, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. मुलाने होकार दिला. वृद्ध पंडिताचा चेहरा उजळला. तो का उजळला हे मुलाच्या ध्यानात येताच त्याने नकार दिला. त्यासरशी पंडिताच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

वाचकहो, हा पोरकटपणा नव्हता. होकार अशासाठी, की बुद्धी खोटी नाही. ती जे सांगते ते त्या सत्याचेच एक रूप असते. नकार अशासाठी, की त्या रूपालाच ती संपूर्ण सत्य समजू लागली की चुकते. होय आणि नाही यांच्या मधली ती जागा या मुलाने पुढे साठ वर्षे सोडली नाही.

गुरू

शेखांना गुरू पुष्कळ लाभले. त्यांत मोठमोठे विद्वान होते आणि साधे कारागीरही होते. माता-भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे ते हे, की त्यांत स्त्रिया होत्या. सेव्हिलमध्ये फातिमा नावाची एक वृद्धा राहत असे. वय नव्वदीच्या पुढे. लोक दाराशी जे उरलेसुरले टाकत त्यावर तिचा निर्वाह चाले, तरीही तिच्या चेहऱ्यावर असे तेज असे की तिच्याकडे पाहताना तरुण इब्न अरबी संकोचत. त्यांनी तिची सेवा केली आणि स्वतःच्या हातांनी तिला बोरूची झोपडी बांधून दिली. ती स्वतःला त्यांची आध्यात्मिक माता म्हणवीत असे. जन्मदात्या आईचे नाव नूर होते. पुढे जगाने ज्यांना शेख-ए-अकबर म्हणजे सर्वांत थोर गुरू ही पदवी दिली, ते एका निर्धन वृद्धेच्या पायाशी बसून शिकले.

तिशीच्या सुमारास शेख समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत गेले. ट्यूनिस, फास, मराकेश असा प्रवास चालू झाला. इ. स. ११९८ च्या अखेरीस मराकेश येथे इब्न रुश्द यांचे निधन झाले आणि काही महिन्यांनी त्यांचे शव कुर्तुब्यास नेण्यात आले. त्या प्रसंगी शेख हजर होते. ओझ्याच्या जनावराच्या एका बाजूस शवपेटी बांधलेली होती. तोल साधावा म्हणून दुसऱ्या बाजूस त्या पंडिताने आयुष्यभर लिहिलेले ग्रंथ बांधले होते. हे दृश्य शेखांच्या मनातून कधी गेले नाही. इतके लिहून त्या माणसाच्या मनातली आस पुरी झाली असेल का, या विचाराने ते हळहळले. त्यात उपहास नव्हता. ग्रंथांनी मनुष्याचा तोल सांभाळला जातो, पण मनुष्य ग्रंथांत मावत नाही, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो.

मक्का आणि पुढचा प्रवास

यानंतर शेखांनी अंदलुसचा कायमचा निरोप घेतला. कैरो, अल् खलील, जेरुसलेम, मदिना असे मुक्काम करीत इ. स. १२०२ मध्ये ते हजसाठी मक्केस पोहोचले. काब्याच्या छायेत त्यांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे नाव अल् फुतूहात अल् मक्किय्या. याची पहिली प्रत पुरी होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. नंतर त्यांनी तो सबंध ग्रंथ स्वहस्ते पुन्हा लिहून काढला. प्रकरणे ५६०, आणि स्वहस्ताक्षरातील ही प्रत ३७ भागांची. ती आज इस्तंबूल येथे जपून ठेवलेली आहे. निबंध दुसऱ्यांदा लिहावयास सांगितला की तोंड वाकडे करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा.

मक्केत इस्फहानहून आलेल्या एका विद्वानाशी त्यांचा स्नेह जडला. त्या विद्वानाची निजाम नावाची कन्या विदुषी आणि रूपवती होती. तिच्या निमित्ताने शेखांनी प्रेमकवितांचा एक संग्रह रचला. लोकांनी नाके मुरडली. धर्मज्ञ म्हणवतो आणि प्रेमगीते लिहितो, अशी कुजबुज झाली. तेव्हा शेखांनी स्वतःच त्या कवितांवर भाष्य लिहिले आणि प्रत्येक ओळीतील रूप कोणत्या अर्थाकडे निर्देश करते ते उलगडून दाखवले. टीकाकार रूपावरच अडकले होते. शेखांची नजर रूपातून पलीकडे जात होती, पण रूप टाळून नव्हे.

पुढे त्यांनी इराक, सीरिया आणि आजच्या तुर्कस्तानातील कोन्या व मलात्या या भागांत पुष्कळ वर्षे प्रवास केला. तेथील सेल्जुक सुलतानाने त्यांना एक मोठे मोलाचे घर नजर केले असे सांगतात. एक दिवस दाराशी याचक आला. त्याला देण्याजोगे दुसरे काही जवळ नव्हते, म्हणून शेखांनी ते घरच त्याला देऊन टाकले. हातिमताईचे रक्त ते.

इ. स. १२२३ मध्ये ते दमिश्क येथे स्थायिक झाले. इ. स. १२२९ मध्ये त्यांनी फुसूसुल हिकम हा छोटा पण अत्यंत गहन ग्रंथ लिहिला. हजरत महंमद पैगंबर (स.) यांनी स्वप्नदर्शनात हा ग्रंथ आपल्या हाती दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यात २७ प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरण एकेका प्रेषिताच्या नावे आहे. पहिले हजरत आदम (अ.) यांचे, शेवटचे पैगंबर साहेबांचे. फस म्हणजे अंगठीतील खडा बसवण्याचे कोंदण किंवा तो खडा. ज्ञान एकच, पण प्रत्येक प्रेषिताच्या अंतःकरणाच्या घडणीप्रमाणे त्याला वेगळा आकार आला, हे त्या नावातच सुचवले आहे.

शिकवण काय होती

आता आपण त्या श्वासाकडे वळू. शेख म्हणत की ईश्वराच्या मूळ सत्तेला नाव नाही, वर्णन नाही, व्याख्या नाही. अरबीत तिला जात म्हणतात. मराठीतील जातीशी तिची गल्लत करू नये. आपण त्याला रहीम म्हणतो, करीम म्हणतो, अलीम म्हणतो. ही नावे खरी आहेत, पण ती त्याचा आणि सृष्टीचा संबंध सांगतात. दया करण्यास कोणी नसेल तर दयाळू हे नाव कोणाच्या संदर्भात घ्यायचे? म्हणून नावांना प्रकट होण्यास सृष्टी हवी, आणि मूळ सत्ता मात्र कशाचीही गरज नसलेली, स्वयंपूर्ण.

मग सृष्टीतील वस्तू कोठून आल्या? शेख सांगतात की प्रत्येक वस्तूचे एक स्थिर मूळरूप ईश्वराच्या ज्ञानात अनादिकाळापासून आहे. ह्या मूळरूपांना त्यांनी आयाने साबिता असे नाव दिले. गुलाब गुलाब का आणि काटा काटा का, याचे उत्तर त्या मूळरूपात आहे. मात्र ही रूपे ईश्वराशेजारी वेगळी मांडून ठेवलेली नाहीत. सुताराकडे लाकडी साचे असतात तसे ते साचे नव्हेत. त्यांना स्वतःचे अस्तित्व नाही; ती केवळ ज्ञात आहेत. त्यांच्यावर अस्तित्वाचा श्वास आला की ती प्रकट होतात. याला शेख रहमानचा श्वास म्हणतात. अरबीची २८ अक्षरे जशी मनुष्याच्या एका श्वासातून उमटतात, तशी सृष्टीची अक्षरे त्या श्वासातून उमटतात, आणि शेखांनी सृष्टीच्या पायऱ्याही २८ च मोजल्या आहेत.

यातून दोन चुकांपासून सावध राहावे लागते. पहिली चूक अशी की क हाच श्वास आहे असे मानणे. म्हणजे एखाद्या रूपाला, मूर्त असो वा मनातले असो, तेच संपूर्ण सत्य समजणे. दुसरी चूक अशी की अक्षरे खोटी, फक्त श्वास खरा, असे म्हणून अक्षरे पुसून टाकणे. पहिल्याने सत्य कोंडले जाते, दुसऱ्याने ते मुके होते. शेखांचे म्हणणे असे की दोन डोळ्यांनी पाहावे. एका डोळ्याने तो सर्वांहून वेगळा आहे हे दिसावे, दुसऱ्याने त्याच्या खुणा सर्वत्र आहेत हे दिसावे.

म्हणूनच शेखांनी धर्माचे बाह्य आचार कधी सोडले नाहीत. काही लोकांची समजूत असते की मोठा सूफी झाला की नमाज-रोजाची गरज उरत नाही. फुतूहात ग्रंथ उघडून पाहावा. वजू आणि पाकी, नमाज, जकात, रोजा, हज यांवर त्यात पानेच्या पाने भरलेली प्रदीर्घ प्रकरणे आहेत. कोणत्या विधीबद्दल कोणत्या फकीहाचे काय मत, हे त्यांनी बारकाईने दिले आहे आणि मग त्या विधीचा अंतरीचा अर्थ सांगितला आहे. त्यांच्या मते अक्षर गाळले तर शब्दाचा अर्थही हाती येत नाही.

अकीद्याबद्दलही त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. अकीदा हा शब्द अक्द या धातूपासून आला आहे, आणि निकाहाचा अक्द आपणा सर्वांना ठाऊक आहे. अक्द म्हणजे गाठ बांधणे. मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे ईश्वराविषयी मनात एक गाठ बांधतो. ती बांधावीच लागते. परंतु आपल्या गाठीत जेवढे आले तेवढाच ईश्वर, असे मानून दुसऱ्याच्या गाठीचा तिरस्कार करणारा मनुष्य स्वतःच्या समजुतीचीच पूजा करीत असतो, असा इशारा त्यांनी दिला.

नशिबाचा प्रश्न

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी हात वर करील. प्रत्येकाचे मूळरूप जर आधीच स्थिर आहे, तर अभ्यास कशाला करायचा? जे व्हायचे ते होणारच.

हा प्रश्न शेखांच्याही पुढे होता, आणि फुसूसमधील हजरत उजैर (अ.) यांच्या प्रकरणात त्यांनी तो हाताळला आहे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे. जाणण्यामुळे वस्तू तशी घडत नाही. वस्तू जशी आहे तशी ती जाणली जाते. ईश्वराने कोणावर बाहेरून काही लादलेले नाही. जो तो आपल्या ठायी जे आहे तेच प्रकट करतो. आणि आपल्या ठायी काय आहे हे ते प्रकट होण्यापूर्वी कळणे अत्यंत विरळ. म्हणजे मूळरूप स्थिर असले तरी ते आपल्यासाठी बंद पाकीट आहे. ते केवळ जगून, कष्ट करून उघडते. पाकीट न उघडताच आत काय आहे ते सांगणारा मनुष्य ज्ञानी नव्हे.

शिवाय शेख सांगतात की सृष्टी क्षणोक्षणी नवी होत असते. एकच प्रकटीकरण दोनदा होत नाही. हृदयाला अरबीत कल्ब म्हणतात, आणि इन्किलाब हा शब्दही त्याच धातूचा. जे सतत पालटते ते हृदय.

वाचकहो, मी हे सारे का लिहितो आहे ते आता सांगतो. निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतात. गुणपत्रिका हातात घेऊन मुलाच्या देखतच म्हणतात, याच्या डोक्यात काही नाही, याच्या नशिबात शिक्षण नाही. मुलगी असेल तर पुष्कळदा तेवढेही म्हणत नाहीत. तिचे नाव शाळेतून काढण्याचा अर्ज सोबत आणलेला असतो. आणि आम्ही शिक्षक तरी कोठे निर्दोष आहोत? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात बेताची बुद्धी असा शेरा लिहिला होता. गणितात तो सतत नापास होई. पुढे एकदा बंदरावर मासळीच्या लिलावात मी त्याला पाहिले. वडिलांच्या शेजारी उभा राहून टोपल्यांचा हिशेब तो तोंडी करीत होता, आणि मला कागद-पेन्सिल घेऊनही ते इतक्या लवकर जमले नसते. त्याने शाळा तोवर सोडली होती. माझ्या दोन शब्दांचा त्यात किती वाटा होता ते मी जाणत नाही, पण तो शेरा मला अजून टोचतो. श्वास होता, मी एक अक्षर ऐकले आणि तेवढ्यावर निकाल दिला.

गुणपत्रिका फाडून टाका असे मी म्हणत नाही. ते एक रूप आहे आणि रूप खोटे नसते. मुलाने मेहनत केली नसेल तर ती तसे खरे सांगते. पण मूल गुणपत्रिकेत मावत नाही, जसे इब्न रुश्द आपल्या ग्रंथांच्या गाठोड्यात मावले नाहीत. फुसूसच्या पहिल्याच प्रकरणाचे नायक हजरत आदम (अ.) यांना सारी नावे शिकवली गेली होती, आणि आपली मुले त्यांचीच लेकरे आहेत. कोणते नाव कोणात केव्हा प्रकट होईल हे घाईने ठरवू नये.

मृत्यूनंतर

हिजरी ६३८ मध्ये, म्हणजे इ. स. १२४० च्या नोव्हेंबरात, शेखांनी दमिश्क येथे देह ठेवला. कासियून डोंगराच्या पायथ्याशी सालिहिय्या वस्तीत त्यांचा दफनविधी झाला. त्यांचे शिष्य सद्रुद्दीन कूनवी यांनी त्यांच्या विचारांची शिस्तशीर मांडणी केली. पुढे त्या विचाराला वहदतुल वुजूद म्हणजे अस्तित्वाची एकता असे नाव पडले. शेखांनी स्वतः आपल्या सिद्धांताला हे नाव दिले नव्हते.

विरोधही कडवा झाला. इमाम इब्न तैमिय्या (इ. स. १२६३–१३२८) यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, निर्माता आणि निर्मिती यांतील भेद यामुळे पुसला जाईल, ही त्यांची भीती होती. आपल्या देशात शेख अहमद सरहिंदी (इ. स. १५६४–१६२४) यांनी वहदतुश शुहूद ही वेगळी मांडणी केली. एकता साधकाच्या दृष्टीला दिसते, ती वस्तूंच्या ठायी नसते, असा तिचा आशय. हे आक्षेप क्षुल्लक नव्हेत आणि विद्यार्थ्यांनी मोठेपणी दोन्ही बाजू वाचाव्यात. दुसरीकडे इ. स. १५१६ मध्ये उस्मानी सुलतान सलीम याने दमिश्क जिंकल्यावर शेखांच्या कबरीवर मजार आणि शेजारी मशीद उभारली. वाद मात्र शमला नाही. इ. स. १९७९ मध्ये इजिप्तच्या संसदेत फुतूहातच्या नव्या आवृत्तीविरुद्ध आवाज उठला आणि तिचे प्रकाशन काही काळ अडले. जवळजवळ साडेसातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाची ही गोष्ट.

आपल्या वाचकांना एक गोष्ट ऐकून आनंद वाटेल. शेखांच्या विचारांचे एक थोर भाष्यकार आपल्या मुंबईतच निद्रिस्त आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी (र. अ.), ज्यांच्या उरुसाला आपल्यापैकी कित्येक कुटुंबे जातात, त्यांनी फुसूसुल हिकमवर अरबी भाष्य लिहिले. हिजरी ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहिलेली कुराणाची तफसीर एकोणिसाव्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात छापली गेली. मखदूम साहेब शाफई पंथाचे फकीह होते आणि फिक्हवरही त्यांनी लिहिले आहे. म्हणजे अंदलुसमध्ये उगवलेला विचार दमिश्कमार्गे कोकणच्या किनाऱ्याला लागला आणि येथेही तो शरीअतच्या शिस्तीतच वाढला. तहानलेल्या आईला झोप लागली म्हणून पाण्याचे भांडे हातात धरून रात्रभर उभ्या राहिलेल्या मखदूम साहेबांची कथा आपण मुलांना सांगतो. ते भांडे धरणारे हात फुसूसवर भाष्य लिहिणारेही होते, हेही मुलांना सांगावे. माहीमला जाल तेव्हा फुले वाहून परत फिरण्याआधी क्षणभर त्या ग्रंथकाराचे स्मरण करावे.

असो. लेख लांबला. विद्यार्थी मित्रांनो, उद्या वर्गात फळ्यावर अक्षर लिहिले जाईल तेव्हा ते नीट गिरवा, त्याची रेघ, त्याचा काना, त्याची वेलांटी चुकवू नका. आणि पालकहो, संध्याकाळी मूल घरी आले की त्याच्या वहीतील लाल शाईच्या खुणा पाहण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहा. ते काही सांगण्यासाठी श्वास घेत असेल. ते कोणते अक्षर उच्चारणार आहे, हे अजून आपणापैकी कोणालाच ठाऊक नाही.